जीभ दाखवणारं गाव

भर सकाळी, गोंदियाच्या जयस्तंभ चौकात, चारचौघांदेखत एका म्हातारीनं मला जीभ दाखवली. चुकून नव्हे, जांभई देतानाही नव्हे. ती ऑटोतून उतरली, नातीच्या खांद्याला धरून उभी राहिली, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मग जीभ काढली. मुळापासून, हनुवटीला टेकेल अशी. पानाच्या टपरीवरची पोरं हसली. माझ्यासोबत उदाराम होता. हा उदाराम माझा जुना स्वीय सहायक. मी आमदार होतो तेव्हा माझी बॅग धरायचा, मी मंत्री झालो तेव्हा बॅग धरायला त्यानं स्वतःसाठी एक माणूस ठेवला. तो कडाडला, "ए बुढ्ढी! सामने कौन खडे हैं, मालूम है? माजी मंत्री हैं!" म्हातारीनं जीभ आत घेतली नाही. उलट मला दिसावी म्हणून मान जरा वर केली. आणि मी? मी रागावायला हवं होतं, निदान कडक इस्त्रीच्या झब्ब्याची लाज राखायला हवी होती. ते राहिलं बाजूला. मी दोन पावलं पुढे झालो, ऊन तिच्या तोंडात पडेल असा कडेला सरलो, वाकलो, आणि माझ्याच तोंडून पंधरा वर्षांपूर्वीचा एक माणूस बोलला, "आणखी बाहेर. हं. आणखी."

तो दिवस असल्या गोष्टींचा नव्हता. आदल्या संध्याकाळी मुंबईत सगळ्यांच्या युत्या आणि आघाड्या एकदमच तुटल्या होत्या, आणि प्रत्येक पक्षाला अचानक दुप्पट उमेदवार लागत होते. अशा वेळी लोक माळ्यावरची जुनी भांडीसुद्धा खाली काढतात. मलाही काढलं. उदाराम पहाटेच माझ्या दारात हजर. "साहेब, दुपारच्या आत मुंबईहून फोन येतो. तुम्ही फक्त हो म्हणा. उद्या फॉर्म भरू." मी आरशात पाहिलं. चौसष्टाव्या वर्षी माणूस आरशात पाहतो तो चेहरा बघायला नव्हे, पोस्टरवर कसा दिसेल ते बघायला. खोटं कशाला सांगू, मला हो म्हणायचं होतं. फोन कुर्त्याच्या खिशात होता आणि छातीशी त्याचं वजन एखाद्या उबदार अंड्यासारखं लागत होतं. पाच वर्षं झाली होती घरी बसून. मी हरलो म्हणून बसलो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला कोणी हरवू शकलं नाही. दोन हजार नऊला सरकारनं मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखल्या आणि माझा मतदारसंघच पुसून टाकला. म्हशी राहिल्या, धानाच्या बांध्या राहिल्या, माणसं राहिली, फक्त त्या सगळ्याला मिळून जे नाव होतं ते गेलं. माणसं निवडणूक हरतात. मी अख्खा मतदारसंघ हरवलेला माणूस आहे.

पण जीभ. ती जीभ मी ओळखली, चेहरा नंतर. मधोमध एक उभी भेग, नांगराच्या तासासारखी, आणि उजव्या कडेला जन्मखुणेचा जांभळा ठिपका. अशी जीभ साऱ्या गोंदिया जिल्ह्यात एकच, आणि ती पाहिल्याबरोबर चौक मागं हटला, ऑटोंचे भोंगे विरले, नाकात स्पिरिटच्या स्टोव्हवर उकळणाऱ्या सिरिंजांचा वास आला. शहात्तर साल. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आम्ही सगळे भंडाऱ्याचे. सालेकशाच्या बाजार-रस्त्यावर माझा दवाखाना: एक टेबल, एक बाक, लाल मिक्श्चरचा बुधला. त्या मिक्श्चरची कीर्ती मी काय सांगावी! ताप, खोकला, पोटदुखी हे तर झालंच; नागऱ्याच्या शिवरात्रीच्या यात्रेत हरवलेला एकाचा बैल, मालकानं घरी लाल मिक्श्चर घेतलं त्याच रात्री खुंट्याला येऊन उभा राहिला. मी काही दावा केला नाही. मी नाहीही म्हणालो नाही. माझे वडील भैयालालच्या राइस मिलमध्ये हमाली करायचे. छप्पनला ते मला खांद्यावर बसवून नागपूरला दीक्षेला घेऊन गेले होते. मला आठवतं ते एवढंच, की खाली माणसांच्या डोक्यांचं शेत होतं आणि मी त्यावरून चाललो होतो. त्याच खांद्यांनी पोती वाहून मला डॉक्टर केलं. परत आलो ते गळ्यात स्टेथोस्कोप घेऊन. स्टेथोस्कोपला जात नसते. पण तो ज्याच्या गळ्यात असतो त्याचं गाव, त्याचा टोला म्हणजे वस्ती, त्याच्या बापाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं.

पिपरटोल्याचा हिरालाल मला बोलवायला आला तो भर दुपारी. पाच एकर धानाची बांधी असलेला पवार शेतकरी, मऊ माणूस. बायको रुख्मा तापानं फणफणली होती. मी सायकल हाणत गेलो. ती ओसरीवर वाकळीत होती. मी नाडी पाहायला हात पुढे केला आणि तिनं आपला हात वाकळीत ओढून घेतला. आपण गरम तव्यापासून ओढतो तसा. दात वाजत होते, डोळे लाल होते, पण आवाज पक्का होता. "हात नाई. जीभ पाह्य, अन् काय थे सांग." हिरालालनं मान खाली घातली. दारात शेजारणी उभ्या होत्या. मला आजही त्या ओसरीचं शेणानं सारवलेलं ओलं थंडपण तळपायाला आठवतं, आणि कानशिलं तापली होती तेही. उठून जाता आलं असतं. भांडता आलं असतं. पण माझ्या जिभेला लहानपणापासून एक खोड आहे, अडचण आली की ती थाप रचते. मी गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "बाई शहाणी आहे. नाडी लबाड असते, चालून आलं तरी धावते, भ्यालं तरी धावते. अस्सल डॉक्टर जीभच पाहतो. काढा." तिनं काढली. मी ती पंचांग वाचावं तशी वाचली. बोटानं हवेतच रेघा ओढल्या, "हं, हं" केलं, भेगेपाशी थांबून भुवया उंचावल्या. होता तो साधा मलेरिया, त्या जंगलपट्टीत दर तिसऱ्या घरी असायचा. गावात शिरतानाच मला कळला होता. गोळ्या दिल्या. आठवड्यात रुख्मा धानाच्या बांधीत वाकलेली दिसली, आणि मला पाहून तिनं कंबर सरळ केली आणि लांबूनच जीभ काढली. बरी आहे म्हणून.

तेवढ्यावर पंथ सुरू झाला. पिपरटोल्याचा समज पक्का झाला की सालेकशाचा डाक्टर जीभ वाचतो. हळूहळू आजूबाजूचे टोलेही. बाकावर बसलं की लोक न विचारता जीभ काढून बसायचे; बाजाराच्या दिवशी माझा दवाखाना म्हणजे एका रांगेत लोंबणाऱ्या जिभा. मी काय लबाड नव्हतो? जीभ पाहता पाहता हळूच मनगट धरायचो. जीभ बाहेर असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. महिन्या-दोन महिन्यांत पिपरटोल्यातली सगळी मनगटं माझ्या बोटांनी ओळखीची करून घेतली. एक रुख्मा सोडून. ती दोन्ही हात पाठीमागं बांधून जीभ काढायची. पुढं पुढं तो आमच्याकडचा रामरामच झाला. मी राजदूतवरून जाऊ लागलो की चिखलात धानाची रोवणी करणाऱ्या बाया, रुळांवरचे गँगमन, शाळेतली पोरं जीभ काढायची आणि मी गाडीवरूनच ओरडायचो, "पाणी जास्त पी!", "तंबाखू कमी कर!" एकदा चैत्रात, मोहाच्या झाडाखाली, एक अस्वल वाटेत आडवं आलं. उभं राहिलं दोन पायांवर, आणि त्यानंही जीभ काढली. पांढरट थर होता. मोहफुलं अंमळ जास्त झाली होती. मी म्हटलं, दोन दिवस उपास. ते बाजूला झालं. ऐकणारे हसतात; त्यांनी ते अस्वल पाहिलेलं नाही.

"ओरखलास का, डाक्टर?" म्हातारीनं जीभ आत घेऊन विचारलं, तेव्हा मी चौकात परत आलो. "रुख्माबाई," मी म्हणालो. "मंग जिभेकडं काय पाहून रायलास अजून? तोंड पाह्य माहं. बुडी झालो ना मी." तिच्या खांद्याशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "आजी, चल ना, अपना नंबर चला जाएगा." ही गुंजन, नात, इथंच कॉलेजात शिकते. समोरच्या काचेच्या इमारतीत सगळ्या तपासण्या एका छताखाली होतात, तिथं आजीला आणलं होतं. एक फेरी झाली होती, दुसरीसाठी थांबायचं होतं. उदाराम घड्याळ दाखवत होता. मी म्हणालो, "चहा घेऊ," आणि टपरीच्या बाकावर टेकलो. रुख्माबाई शेजारी बसली. मधे एका माणसाची जागा सोडून, पूर्वीसारखीच.

आता सांगतो, ही बाई दिसली म्हणून मी एवढा का ढवळलो. नव्व्याण्णवला आमचा जिल्हा वेगळा झाला आणि त्याच पावसाळ्याच्या तोंडाशी पक्षाची माणसं दवाखान्यात आली. "डॉक्टरसाहब, इस इलाके का हर आदमी आपको मुंह खोलके दिखाता है. और क्या चाहिए?" खरंच होतं ते. मी उभा राहिलो. हात जोडून गावोगाव फिरलो, आणि गावोगाव माणसांनी जीभ काढली. नागपूरच्या कोण्या छायाचित्रकारानं फोटो टिपला आणि छापून आलं की मतदारांनी उमेदवाराला वेडावून दाखवलं; विरोधकांनी पेढे वाटले; आमच्या गावांत त्या फोटोत आपली जीभ आली म्हणून लोकांनी पेढे वाटले. पिपरटोल्यात तर सारा गाव वेशीशी उभा होता. म्हातारे, बाया, कडेवरची लेकरं, सगळ्यांच्या जिभा बाहेर, आणि पुढं रुख्मा, हात पाठीशी. मी सगळ्यांना हात जोडले. जीपमध्ये मी उदारामला म्हणालो, "ह्या गावाची काळजी नको." मी मोठ्या फरकानं निवडून आलो. आणि मोजणीच्या टेबलावरून आमचा एजंट धावत आला: पिपरटोल्याच्या पेटीत मला पडलं होतं एक मत. एकच.

गुलाल उधळत होते, ढोल चालला होता, कोणी मला उचललं होतं, आणि त्या उंचीवरून मला सहा वर्षांचा असताना दिसलं होतं तेच दिसलं, डोक्यांचं शेत. पण त्या शेतात पिपरटोल्याएवढी एक बांधी मोकळी होती. मग वाटलं, बरोबरच आहे. जीभ दाखवायला काय जातं? शिक्का मारायचा म्हणजे हात लावणं आलं. आणि तरी ते एक मत! त्याच्यावर मी दहा वर्षं जगलो म्हटलं तरी चालेल. ते कोणाचं, हे मला माहीत होतं. हात पाठीशी धरून उभी राहणाऱ्या बाईनं पडद्याआड, कोणी पाहत नसताना, हात पुढे केला असणार. पिपरटोल्याला रस्ता दिला, दवाखान्याची पक्की इमारत दिली. पण उद्घाटनाला गेलो नाही, उदारामला पाठवलं. पुन्हा त्या वेशीत पाय ठेवला नाही. सालेकशाच्या माझ्या दवाखान्याला कुलूप लागलं, टेबलाला वाळवी लागली. दुसऱ्यांदा निवडून आलो तेव्हा मंत्रिमंडळात घेतलं. डॉक्टर म्हणून आरोग्य खातं मिळेल असं सगळे धरून बसले होते. मिळालं खारभूमी. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालण्याचं खातं, आणि मी गोंदियाचा; आमच्याकडे मीठ फक्त दुकानात मिळतं. पहिल्या दौऱ्यात अधिकाऱ्यांनी मला कोकणातल्या एका बांधावर उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र एवढा जवळून पाहिला. तो पुढं यायचा, बांधाला चाटायचा, मागं जायचा, परत यायचा. अधिकारी भरतीचे आकडे सांगत होते आणि मला वाटत होतं, कोणी तरी अवाढव्य आजारी माणूस पडला आहे आणि जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघतो आहे. मी ओरडणार होतो, पाणी जास्त पी. तेव्हा कळलं की मला किती घरची आठवण येते आहे. बंगल्यावर आलो, खिडक्या लावल्या, तरी तो रात्रभर दम खात होता.

चहा आला. रुख्माबाईनं बशीत ओतला, फुंकला. "त्यायनं पोटाचा फोटो काढला," ती काचेच्या इमारतीकडे हनुवटी करत म्हणाली. "छातीचा काढला. रगत काढलं. जीभ काढ असं कोनी म्हनलं नाई, बाप्पा. मीनंच काढून दाखवलो तं थो पोरगा भ्याला." मी हसलो. इतक्या वर्षांचा विषय एकदम जिभेवर आला, थट्टेच्या सुरातच आला. "रुख्माबाई, तुमच्या गावानं मला एकच मत दिलं. पण ते कोणाचं होतं ते मला माहीत आहे हं."

"कोनाचं?"

"तुमचं."

तिनं बशी खाली ठेवली आणि अशी हसली की उदाराम दचकला. "माहं? माहं कायले राहील गा! थे बकारामचं होय. मोतिबिंदू झाला होता ना त्याले. शिक्का कुठं मारा लागते थेच नाई दिसलं बिचाऱ्याले. गावानं किती हिनवलं मंग! तेरवीपर्यंत हिनवलं."

दहा वर्षांचा माझा आधार बकारामच्या मोतिबिंदूवर उभा होता. मी चहाचा घोट घेतला; तो गार होता की जीभ बधिर झाली होती, कोण जाणे. "मग बाकीच्यांनी?"

"बाकीच्यायनं काय! ठरवूनच केलं. मीनंच सांगलं साऱ्यायले, मंदिरापाशी बसून. म्हनलं, डाक्टर निवडून आला तं मुंबईले जाईल. साऱ्या मुलखात आपला एकच डाक्टर, थो बी सरकारले द्यायचा का? पाडा त्याले. पडला तं इथंच राहील." तिनं माझ्याकडे पाहिलं. "पन आमचंच गाव शहानं निघालं. बाकीच्या गावायनं देल्ली मतं, अन् बसले मंग बोंबलत."

"पण सगळं गाव वेशीवर उभं होतं. जीभ काढून. मला वाटलं..."

"थे जीभ तं तू पाहावं म्हनून काढली होती." आता ती हसत नव्हती. "ताप चालू होता गावात. रोवन्याच्या वक्ताले तू आला नाई, तुह्या मीटिंगा होत्या. म्हनलं, आज येऊन रायला, पाहील. तू आलास, हात जोडलेस, गेलास. कोनाची जीभ पायलास? एकाची बी नाई पायलास. मी हिरालालले तवाच म्हनलो, हा गेला गा."

चौकात कुठल्या तरी पक्षाची रिक्षा भोंगा लावून फिरत होती. मला ती वेस दिसली. जिभा दिसल्या, या वेळी नीट. पिवळट थर. कोरड्या कडा. एका लेकराचा पांढरा फटफटीत ओठ. तेव्हाही सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी ते सगळं मतं म्हणून पाहिलं होतं. "हिरालाल कसा आहे?" मी विचारलं, कारण काही तरी विचारायला हवं होतं.

"गेला. तुह्या रस्त्यानं जीपगाडीत घालून आनत होतो गोंदियाले. रस्ता चांगला केलास तू. तिरोड्याले देल्लेली पोरगी बी येऊन पोहचली नाई, त्याच्या पयलेच गेला." तिनं पदर सारखा केला. "तू समुद्रात होतास म्हने तवा."

मी या तोंडानं अस्वलांना उपास सांगितले आहेत, सभागृहात हशा पिकवला आहे, पडलेल्या माणसाला उचलून बसवेल असं खोटं वाटेल तेव्हा रचलं आहे. त्या बाकावर मी हातातला चहाचा कप नुसता फिरवत राहिलो. उदाराम जवळ आला, कानात म्हणाला, "साहेब, वक्त हो गया. ऑफिसमें सब बैठे हैं." गुंजन म्हणाली, "आजी, नंबर." रुख्माबाई उठली नाही. दोघांच्या मधली एका माणसाची जागा तिनं पाहिली, आणि जरा सरकली. मग पदराखालून उजवा हात काढला, काकणं कोपराकडे सारली आणि मनगट माझ्या गुडघ्यावर आणून ठेवलं. उलटं, निळ्या शिरा वर करून.

"हात?" मी म्हणालो.

"धर ना. आता कायचा इटाळ गा. मशीनीनं सारं पायलं, कोनी हात नाई धरला."

मी धरला. कातडी वाळलेल्या पळसाच्या पानासारखी, आणि खाली ती. साऱ्या पिपरटोल्यातली एकच नाडी, जिची आणि माझी ओळख नव्हती. बोटं पंधरा वर्षं नमस्काराला, हारांना, माइकच्या दांड्याला लागली होती. वाटलं होतं विसरली असतील. विसरली नव्हती. ठोका आला. ठोका आला. मग एक आलाच नाही. पोकळीत मी थांबून राहिलो, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि नसावी तसा. आणि मग दोन एकदम आले, घाईघाईनं, उशीर झाल्यासारखे. मी मान खाली घातली, डोळे मिटले. आणि नेमका तेव्हा खिशातला फोन थरथरायला लागला, माझ्या छातीवर, तिच्या नाडीच्या अगदी उलट तालात. उदाराम ओरडलाच, "साहेब! मुंबई!" मला दोन्ही ठोके ऐकू येत होते आणि एकातून दुसरा वेगळा काढायचा होता. बोटं मी आणखी थोडी घट्ट केली.

"डाक्टर, फोन वाजून रायला तुहा," रुख्माबाई म्हणाली. "कोनी मोठा मानूस असन."

"वाजू द्या. नाडी पाहताना बोलू नये."

सवयीनं तिनं जीभ बाहेर काढली.